मधुमेहाचें औषध आणि थकलेलें हृदय

‘हार्ट फेल्युअर’ ह्या इंग्रजी शब्दाचें भाषांतर आपल्या वर्तमानपत्रांत ‘हृदय बंद पडणें’ असें सर्रास केलेलें आढळतें. शब्दांची पारख करण्यांत आमचा जन्म गेल्यामुळें तें आम्हांस खटकतें, हें खरेंच. परंतु येथें प्रश्न केवळ भाषेचा नाहीं. हृदय बंद पडलें म्हणजे माणूस गेला. ह्या रोगांत हृदय चालूच असतें. मात्र शरीरास हवें तेवढें रक्त पुढें ढकलण्याची त्याची शक्ति उरत नाहीं, किंवा तें ताठर होऊन पुरतें भरत नाहीं; आणि मग मागें तुंबलेलें पाणी पायांत, पोटांत व फुफ्फुसांत उतरूं लागतें. मोटेचा बैल उभा आहे, चालतोहि आहे, पण थकला आहे, अशी ही स्थिति. म्हणून ह्या लेखापुरतें आम्ही तिला ‘हृदयदौर्बल्य’ म्हणूं. चुकीच्या नांवानें अनर्थ असा होतो कीं, डॉक्टरांच्या तोंडून तो शब्द निघतांच घरांत रडारड सुरू होते. नाहीं तर ‘आमचे बाबा तर चालते-बोलते आहेत, त्यांना असलें कांहीं झालेलें नाहीं’ असें म्हणून तपासणीचा कागद कपाटांत पडतो.

ह्या हृदयदौर्बल्याचा मधुमेहाशीं निकटचा संबंध आहे. अमेरिकेंतील फ्रॅमिंगहॅम ह्या गांवीं हजारों नागरिकांची वर्षानुवर्षें पाहणी चालली होती. तिच्यावरून १९७४ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, मधुमेही पुरुषांस हृदयदौर्बल्य जडण्याचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक आणि मधुमेही स्त्रियांस सुमारें पांचपट असतो. स्त्रियांचा आंकडा वाचकांनीं पुन्हां एकदां वाचावा. आपल्या घरांतून धाप लागली तर पुरुषाला दवाखान्यांत नेतात आणि बाईला ‘जरा टेक’ म्हणतात.

मधुमेह आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. चरक-सुश्रुतांनीं प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले, रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांव घेतात हें नोंदलें, आणि जन्मतः येणारा प्रमेह व अपथ्यानें होणारा प्रमेह असा भेदहि सुश्रुतानें केला. मुंग्यांवरून रोग ओळखणारी ती दृष्टि आम्हांस आजहि थक्क करते. परंतु त्या काळीं हा सुखवस्तु, बैठ्या माणसाचा रोग समजला जाई. आज तसें राहिलें नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणींत २०११ सालीं महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ८.४ मधुमेही आढळले, आणि २०२३ सालीं त्याच पाहणीच्या अखेरच्या अहवालांत साऱ्या देशाचा आंकडा १० कोटींवर गेला. आमच्या ह्या जंगली मुलुखाची कथाहि निराळी नाहीं. चंद्रपूर, बल्लारपूर इकडे कोळसा, कागद आणि वीज ह्यांच्यावर पोट भरणारी वस्ती आहेच. पण गडचिरोलीकडे डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेनें खेड्यापाड्यांतून मृत्यूंचीं कारणें तपासलीं, तेव्हां सुमारें सातांतील एक मृत्यु पक्षाघातानें झालेला निघाला. हिंवताप आणि अतिसार ह्यांचा म्हणून ओळखला जाणारा तो प्रदेश! रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हीं आतां शहराचीं मिरासदारी दुखणीं राहिलीं नाहींत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. मधुमेहाचें औषध म्हणजे साखर उतरवणारें औषध, आणि साखर उतरली कीं हृदयाचेंहि भलें होणारच, अशी समजूत वैद्यकांतहि दीर्घकाळ होती. ती एका गोळीनें हादरली. रोझिग्लिटाझोन नांवाचें औषध १९९९ पासून जगभर खपत होतें. साखर तें उत्तम उतरवी. २००७ सालीं अमेरिकेंतील एका परीक्षणांत असें निघालें कीं, तें घेणाऱ्यांस हृदयविकाराचे झटके अधिक येतात. शिवाय तें व त्याचें भावंड पायोग्लिटाझोन, हीं दोन्ही शरीरांत मीठ व पाणी सांठवून ठेवतात आणि दुबळ्या हृदयास आणखी दुबळें करतात. म्हणून त्याच वर्षीं अमेरिकेंत दोन्हीं औषधांवर हृदयदौर्बल्याचा इशारा ठळक चौकटींत छापण्याचा हुकूम झाला. आपल्याकडे रोझिग्लिटाझोनवर २०१० सालीं बंदी आली. पायोग्लिटाझोनची विक्री २०१३च्या जूनमध्यें मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून केंद्र सरकारनें स्थगित केली खरी, पण पुढच्याच महिन्यांत वेष्टनावर इशारा छापण्याच्या अटीवर ती पुन्हां मोकळी केली. तें औषध स्वस्त आहे, साखरेवर गुणकारी आहे, आणि पुष्कळदां दोन इतर औषधांसह एकाच गोळींत बसविलेलें असतें. ज्याचें हृदय धडधाकट आहे त्यास डॉक्टर तें विचारपूर्वक देतात, त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचा रोख त्या तिसऱ्या नांवावर आहे, जें पट्टीच्या पाठीवर बारीक अक्षरांत असतें आणि कोणी वाचीत नाहीं.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, वय ७१. दहा-अकरा वर्षांचा मधुमेह, पण पथ्यानें राहणारे. सकाळची साखर ११० च्या वर जात नाहीं ह्याचा त्यांस मोठा अभिमान होता, आणि ज्या तीन औषधांच्या एका गोळीनें हें घडत होतें तिची ते चारचौघांत वाखाणणी करीत. एका माघांत त्यांच्या वहाणा पायांस घट्ट होऊं लागल्या. वहिनींनीं तिळाचें तेल चोळलें. पुढें रात्रीं उताणें निजवेना. एका उशीच्या दोन झाल्या, दोहोंच्या तीन. मध्यरात्रीं उठून ते खिडकीशीं बसूं लागले, तेव्हां ‘उन्हाळा लवकर आला’ असें घरांत ठरलें. शेवटीं त्यांची भाची सुटींत आली. ती औषधशास्त्र शिकलेली. तिनें मामांच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून मोठ्यानें वाचली : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, पायोग्लिटाझोन. मग नडगीवर बोट दाबलें तों खळगा पडला, आणि बराच वेळ तसाच राहिला. नागपुरास नेऊन हृदयाची ध्वनिलहरींची तपासणी, ज्यास ‘इको’ म्हणतात ती, करविली. हृदय दुबळें झालें होतेंच. त्यावर ह्या गोळीनें पाण्याची भर घातली होती. डॉक्टरांनीं ती गोळी बंद केली, हृदयाचीं औषधें सुरू केलीं, पाणी उतरवणारी गोळी दिली, आणि मधुमेहासाठीं मेटफॉर्मिनबरोबर डॅपाग्लिफ्लोझिन हें नवें औषध लिहून दिलें. पंधरा दिवसांत त्यांचें वजन पांच किलोनें उतरलें. तें सारें पाणी होतें.

हें नवें औषध कोठून आलें ती कथा आम्हांस विशेष वाटते, म्हणून थोडें विषयांतर करतों. १८३५ सालीं युरोपांत सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालींतून एक कडू द्रव्य काढण्यांत आलें. सिंकोनाच्या सालीसारखें कडू, तेव्हां तापावर चालेल अशी कल्पना! पन्नास वर्षांनीं, १८८६ च्या सुमारास, फॉन मेरिंग ह्या जर्मन वैद्यास दिसलें कीं, हें द्रव्य दिलें असतां मूत्रांतून साखर जाऊं लागते. म्हणजे निरोग्यास क्षणभर मधुमेही करणारें हें द्रव्य! त्याचाच आधार घेऊन रसायनशास्त्रज्ञांनीं पुढें मधुमेहावरचें औषध घडविलें. ‘विषस्य विषमौषधम्’ ह्या जुन्या म्हणीचा असा अर्थ कोणाच्या स्वप्नांतहि आला नसेल.

त्याची क्रिया समजावयास आमच्या भागांतले जुने मालगुजारी तलाव पाहावे. आपलें मूत्रपिंड रोज रक्तांतून सुमारें १८० ग्रॅम साखर गाळतें आणि निरोगी माणसांत ती सर्वच्या सर्व परत रक्तांत ओढून घेतें. ओढून घेणारी जी यंत्रणा तिला हें औषध अडवितें. परिणामीं रोज साठ-सत्तर ग्रॅम साखर, तिच्यासवें थोडें मीठ व थोडें पाणी मूत्रावाटें निघून जातें. तलाव फुटण्याऐवजीं सांडव्यावाटें पाणी वाहून जावें तसें. मात्र हृदयास होणारा लाभ एवढ्यानेंच होतो असें नाहीं. तो साखरेच्या उतारावर अवलंबून नाहीं, एवढें निश्चित सिद्ध झालें आहे. आणि तें कसें सिद्ध झालें हेंहि मनोरंजक आहे.

रोझिग्लिटाझोनच्या अनुभवानंतर अमेरिकेच्या औषध खात्यानें २००८ सालीं दंडक घातला कीं, मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधानें हृदयास अपाय होत नाहीं हें दाखवावें. त्यानुसार एम्पाग्लिफ्लोझिन ह्या औषधाची सात हजारांवर रोग्यांवर परीक्षा झाली. अपाय नाहीं एवढेंच पाहावयाचें होतें. परंतु २०१५ सालीं निकाल लागला तो असा कीं, हृदयदौर्बल्यानें रुग्णालयांत जाण्याचें प्रमाण शेंकडा ३५ नीं कमी झालें! मग २०१९ सालीं डॅपाग्लिफ्लोझिन हृदयदौर्बल्य असलेल्या ४,७४४ रोग्यांस देऊन पाहिलें, आणि त्यांत निम्म्याहून अधिक लोकांस मधुमेह मुळींच नव्हता. सुमारें दीड वर्षांत, नुसतीं नेहमीचीं औषधें घेणाऱ्या शंभरांतील २१ जणांचें हृदय अधिक बिघडलें किंवा हृदयविकारानें त्यांस मृत्यु आला; नवी गोळी जोडून घेणाऱ्यांत हा आंकडा १६ होता, आणि मधुमेह असो वा नसो लाभ सारखाच. २०२१ सालीं, ज्यांचें हृदय आकुंचन पावतें नीट पण ताठर झाल्यामुळें भरत नाहीं, अशांनाहि एम्पाग्लिफ्लोझिनचा उपयोग होतो असें दिसून आलें. ह्या दुसऱ्या प्रकारच्या दौर्बल्यांत वृद्ध स्त्रियांचा भरणा मोठा, आणि त्यावर तोंवर हातीं फारसें कांहींच नव्हतें.

ह्याच ठिकाणीं घरोघर एक घोटाळा होतो. वरील गृहस्थांच्या चिरंजीवांनींच तो केला. साखर १०५ आलेली पाहून ते म्हणाले, “बाबा, आतां साखर छान आहे, ही एक गोळी कमी करूं.” शेजारचे एक जण तर ह्याच्या उलट : डॉक्टरांनीं हृदयासाठीं म्हणून हें औषध लिहिलें, औषधाच्या दुकानांत ‘ही साखरेची गोळी’ असें कोणी म्हणालें, आणि ‘मला कोठें मधुमेह आहे?’ म्हणून ते पट्टी परत करावयास निघाले. दोघांनाहि आम्ही एकच सांगितलें कीं, ही गोळी साखरेच्या आंकड्यासाठीं दिलेली नाहीं. बंद करावयाची ती डॉक्टरांस विचारून.

खर्चाची ओरड पूर्वीं खरी होती. परंतु डॅपाग्लिफ्लोझिनवरील एकस्वाचा हक्क २०२० सालीं व एम्पाग्लिफ्लोझिनवरील २०२५ सालीं आपल्या देशांत संपला, पुष्कळ देशी कंपन्या तें बनवूं लागल्या, आणि दर झपाट्यानें उतरले. दुकानदारानें महागडी पट्टी पुढें केली तर त्याच द्रव्याची स्वस्त पट्टी मागावी. त्यांत कमीपणा नाहीं.

आतां सावधगिरीविषयीं, आणि येथें आम्ही अंमळ विस्तारानें लिहिणार आहों, कारण आपल्या घरांतील चालीरीतींशीं ह्याचा प्रत्यक्ष संबंध येतो.

निर्जला एकादशी, हरितालिका, महाशिवरात्र हे उपास आपल्याकडे वृद्धांसहि सोडवत नाहींत. ही गोळी चालू असतां माणूस दिवसभर उपाशी राहिला, तर शरीर साखरेऐवजीं चरबी जाळूं लागतें आणि रक्तांत आम्ल सांठतें. असें क्वचितच होतें, पण झालें तर जिवावर बेततें. ह्यांतली फसवणूक अशी कीं, यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसतच नाहीं, त्यामुळें डॉक्टरहि चकतात. मळमळ, वांती, पोटदुखी, जोरजोरानें श्वास आणि ग्लानि हीं लक्षणें दिसतांच रुग्णालय गांठावें, गोळीचें नांव सांगावें आणि रक्तांतील ‘कीटोन’ तपासावयास सांगावें. वांती-जुलाब चालू असतील, अन्न जात नसेल, तर ही गोळी थांबवून डॉक्टरांस कळवावें, असा नियम आधींच विचारून घेतलेला बरा. शस्त्रक्रियेपूर्वीं ती सामान्यतः तीन दिवस बंद ठेवतात. दांत-डोळ्यांच्या किरकोळ कामालाहि जातांना ती सांगण्यास विसरूं नये. आणि व्रतभंगाच्या भीतीविषयीं म्हणाल तर, धर्मशास्त्रानेंच आठ गोष्टी व्रत न मोडणाऱ्या म्हणून गणल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळें, फळें आणि दूध हीं आहेत, गुरूची आज्ञा आहे, आणि औषधहि आहे. आमच्या परिचयाच्या एका आजीबाईंना हें दाखविलें तेव्हां त्या म्हणाल्या, “मग इतकीं वर्षें कोणी सांगितलें कां नाहीं?” ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुसरें ऊन. २०१९च्या मे महिन्यांत चंद्रपुराचा पारा ४८ अंशांवर गेला होता. पाणी उतरवणारी गोळी, ही नवी गोळी आणि असलें ऊन ह्या तिहींच्या कचाट्यांत सांपडलेल्या म्हाताऱ्या माणसास भोंवळ येऊन पडावयास वेळ लागत नाहीं. फाल्गुन सरतां सरतां डॉक्टरांस भेटून पाण्याच्या गोळीचें प्रमाण उन्हाळ्यापुरतें बदलावयाचें का, पाणी किती प्यावयाचें, हें विचारावें. हृदयदौर्बल्यांत पाणी मोजून दिलें जातें. ‘उन्हाळा आहे, पी भरपूर’ हा शेजाऱ्याचा उपदेश येथें लागू नाहीं. घरीं एक साधा वजनकांटा ठेवावा आणि रोज सकाळीं, शौचमुखमार्जनानंतर, कांहीं खाण्यापूर्वीं वजन टिपून ठेवावें. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलें तर तें बासुंदीचें नव्हे, पाण्याचें.

मूत्रांतून साखर जात असल्यामुळें त्या जागीं खाज किंवा बुरशी होण्याचा संभव असतो, विशेषतः स्त्रियांस. संकोचानें बायका हें सांगत नाहींत आणि गुपचुप गोळी सोडतात. उपाय सोपा असतो, सांगितलें मात्र पाहिजे. आणखी एक : जुन्या पद्धतीनें मूत्र तापवून साखर पाहणारे कांहीं जण अद्याप आहेत. ही गोळी चालू असेपर्यंत तेथें साखर दिसणारच. तिला भिऊं नये, रक्ताचीच साखर पाहावी. आमच्या भागांत सिकलसेल हा रक्तदोष बराच आहे. तो असलेल्यांच्या बाबतींत तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी ‘एचबीएवनसी’ तपासणी फसवी ठरूं शकते, हेंहि डॉक्टरांच्या कानीं घालावें.

मिठाविषयीं एक गैरसमज तर अगदीं आपल्याच स्वयंपाकघरांतला. उपासाला सैंधव चालतें, आयुर्वेदानेंहि त्यास लवणांत श्रेष्ठ मानलें, म्हणून तें हृदयरोग्यास निर्धोक अशी पुष्कळांची दृढ समजूत आहे. सैंधव हें बहुतांशीं साधें मीठच आहे. तेंहि पाणी सांठवतें. ‘कमी सोडियम’ म्हणून विकतात त्या मिठांत पोटॅशियम असतें, आणि हृदयाच्या कांहीं औषधांबरोबर तें घातक होऊं शकतें. जेवणांत लोणच्याची फोड आणि भाजलेला पापड असल्यावर ‘मी अळणी खातों’ म्हणण्यांत अर्थ नाहीं.

इतर औषधांविषयीं थोडक्यांत. मेटफॉर्मिन पूर्वीं हृदयदौर्बल्यांत वर्ज्य समजत. मूत्रपिंड बरें असेल तर आतां तें चालतें. सॅक्साग्लिप्टिनबद्दल मात्र २०१३ सालीं निराळें दिसलें. तें घेणाऱ्यांस हृदयदौर्बल्यानें रुग्णालयांत अधिक जावें लागलें. इन्सुलिनची आवश्यकता असेल तर तें घेतलेंच पाहिजे, फक्त वजनाकडे लक्ष ठेवावें. ज्यांस लहानपणापासून इन्सुलिनच लागतें अशांनीं ही नवी गोळी आपल्या मनानें कदापि घेऊं नये.

बिजाच्या लांकडाच्या पेल्याविषयीं आम्हांस वारंवार विचारतात. ताडोब्याच्या रानांत हीं झाडें आहेत. पेल्यांत रात्रभर पाणी ठेवलें कीं तें तांबूस होतें, आणि प्रमेहावर ह्या असन वृक्षाचा उल्लेख आपल्या ग्रंथांतून आहे. आयुर्विज्ञान परिषदेनेंहि त्याची परीक्षा करून १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्यानेंच मधुमेह झालेल्या, सौम्य रोग्यांची साखर त्यानें उतरली. परंतु ती परीक्षा साखरेची होती, हृदयाची नव्हे. पेला ठेवावयाचा तर ठेवा, डॉक्टरांस सांगून ठेवा. गोळीच्या जागीं मात्र ठेवूं नका.

भामरागड, सिरोंचा, एटापल्ली इकडील वाचकांसाठीं एवढें जोडतों. पर्लकोटेस पूर येऊन भामरागडचा मार्ग बंद झाल्याच्या बातम्या पावसाळ्यांत आपण कितीदां तरी वाचल्या. मृग लागण्यापूर्वीं दोन महिन्यांच्या गोळ्या घरांत आणून ठेवाव्या, आणि प्रत्येक पट्टीच्या पाठीवरचीं सर्व नांवें एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरून तो कागद पिशवींतच ठेवावा; ऐन रात्रीं परक्या डॉक्टरांपुढें तोच उपयोगीं पडतो.